अर्धं बोट घट्ट

पावणं, तिथं हात लावू नका. तेल लावून ठेवलंय त्याला, अजून मुरायचंय. बसा त्या स्टुलावर. सरांची मिटिंग तासाभरानं उठंल, तवर चहा येतोय.

तुम्ही मशीन बघायला आलाय, मला ठावं हाय. सगळी तेच बघायला येत्यात. कमरेला पेटी, दोन्ही पायांना बाहेरनं अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या, गुडघ्याला मोटर, मांडीला मोटर, पाठीवर बॅटरी. पाय गेलेल्या माणसाला बांधायचं, बटण दाबायचं, की माणूस उठतो आणि कुबड्या घेऊन चालतो. इंग्लिशमधी एक्झोस्केलेटन. माझ्या तोंडात बसत न्हाय ते. सरांनी एकदा मराठीत सांगाडा म्हणून बघितलं, तर चाचणीला गडी घालून चालणारा ज्ञानू भडकला. "जिता माणूस घालणार, सर, आणि सांगाडा काय म्हणताय? मेल्यावर व्हायचाच हाय की!" त्यानं नाव ठेवलं गडी. तवापासनं सगळ्या कंपनीत गडीच. सर बी म्हणत्यात, "बाळासो, गडी आणा."

मी बाळासो. माझं काम पट्ट्यांचं. आज्यापासनं आमच्या घरात कोल्हापुरी पायताणाचा धंदा, मी बी तीस वर्सं तेच केलं. परदेशी पट्ट्यांनी माणसांच्या कातडीवर घामोळं उठायला लागलं, तवा विजयसिंह सर आमच्या गल्लीत आलं आणि मला कागलला घेऊन आलं. आतनं बकऱ्याचं मऊ कातडं, बाहेरनं जाड पट्टा. एका गड्याला चौदा पट्टं. सगळी मोटरचं कौतुक करत्यात. आरं, पर माणूस मोटरवर उभा न्हाय राहत, पट्ट्यावर राहतो! हे मी आधी छाती फुगवून सांगायचो. आता न्हाय सांगत.

ज्ञानूचं ऐकायचंय? मग ऐका. भिंतीवर त्याचा फोटो न्हाय, सरांच्या फाईलीत त्याला नंबर हाय नुसता. म्हणून मीच सांगतो येईल त्याला.

ज्ञानू गडमुडशिंगीचा. पत्रं टाकायचा. गोठ्याचं, पोल्ट्रीचं, शेडचं. शिडी न्हाय, दोरी न्हाय, खांबाला मिठी मारून सरसर वर. वर पोचला की दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा, आणि शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुकायला लागायची. बारीक अंगाचा, जिभेनं तिखट, आणि मनानं... काय सांगू, मनानं लोणी हुता. मोठी बहीण संयोगिता आक्का. तिचा नवरा लवकर वारला, मग ती एवढीशी स्वप्नाली काखेत घेऊन माहेरी आली. ज्ञानूला स्थळं यायची. तो म्हणायचा, "आधी भाचीचं लगीन, मग मामाचं." लोकं हसायची. पर तो चेष्टा करत नव्हता, खरंच केलं न्हाय त्यानं. पोरीला शाळेत नेताना सायकल असायची तरी खांद्यावर बसवून न्यायचा.

पोरगी बारा वर्सांची असताना आक्कानं दोन म्हशी घेतल्या. गोठ्यावरचा सिमेंटचा पत्रा जुना, एका कोपऱ्यात गळायचा. आक्का म्हणाली, "ज्ञानू, जरा बघ की रं." ज्ञानू वर गेला, शिट्टी मारली, दुसरं पाऊल टाकलं आणि पत्रा फुटला. खाली दगडी गव्हाण. कमरेखालचं सगळं गेलं. हाताला चिमटा काढला की ओरडायचा, पायाला चटका दिला तरी पत्ता न्हाय. आक्कानं पुढल्या आठवड्यात दोन्ही म्हशी विकल्या. पुढं ज्ञानूमुळं मी त्यांच्या घरी जायला लागलो, तिथं दुधाला विरजण लावल्यालं कधी बघितलं न्हाय.

आता तुम्ही कुठलं ते मला म्हाईत न्हाय, पर आमच्यात लग्नात मामाचा मान असतो. नवरीला खोलीतनं हाताला धरून मामानं आणायची, आणि अक्षता पडंपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, हा उभा राहणार न्हाय. ती बारा वर्सांची पोर खाटेपाशी हुती. ती म्हणाली, "मामा, तू पाठीशी उभा राहणार नसशील तर मी लगीनच करणार न्हाय." लेकरू बोललं. लेकरं काय बी बोलत्यात. पर ज्ञानूनं त्याची खूणगाठ बांधली.

मग त्यानं गावच्या वडापच्या, म्हंजे शेअर जीपच्या, स्टॉपवर टपरी टाकली. चाकाच्या खुर्चीत बसून पान-सुपारी, मोबाईलचा रिचार्ज. कोण कोल्हापूरला गेला, कोण परत आला, कुणाचं पोरगं कुणाच्या गाडीवर दिसलं, सगळ्या गावाची बातमी त्याच्यापाशी. वडापवाला थांबला न्हाय तर हा शिट्टी मारायचा, की जीप करकचून थांबायची. पोरीनं सगळा अभ्यास त्या टपरीत केला. दहा वर्सं गेली अशी.

तीन वर्सांमागं सरांना चाचणीला माणूस पायजे हुता. ज्ञानू आला. दंडात ताकद, अंगानं हलका, आणि भीती नावाला न्हाय. पहिल्या दिवशी चौदा पट्टं मी बांधलं. वर्षाराणी मॅडम, म्हंजे आमच्या फिजिओथेरपीवाल्या, त्यांनी बटण दाबलं. मोटर घुरघुरली आणि माणूस खुर्चीतनं वर, वर, सरळ. सगळी टाळ्या वाजवायला लागली. ज्ञानूनं खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "मर्दा, मी एवढा उंच हुतो व्हय? इसरलोच हुतो." आणि त्या एसीच्या हॉलमधी दोन बोटं तोंडात घालून त्यानं अशी शिट्टी हाणली की मॅडमच्या हातनं पॅड पडलं. मी कोपऱ्यात जाऊन डोळं पुसलं. आपल्या हातच्या पट्ट्यावर माणूस उभा राहिलाय, आणि काय पायजे वो माणसाला?

तसा रोज दोन तास चालायचा. संध्याकाळी गडी खुंटीला, ज्ञानू खुर्चीत. गडी हॉलच्या बाहेर न्यायचा न्हाय, हा नियम. आक्कानं आणि पोरीनं त्याला चालताना मोबाईलवरच बघितलं. मग स्वप्नालीचं लगीन ठरलं. पोरगा गारगोटीचा, बँकेत. ज्ञानू सरांपुढं हात जोडून बसला. सर भले माणूस. म्हणाले, "एक दिवस. मी स्वतः गडी घेऊन येतो."

त्या दिवसापासनं ज्ञानूला दुसरं काय सुचंना. एका हातात कुबडी आणि दुसरा हात पोरीच्या खांद्यावर, असं चालायची तालीम सुरू केली. पोरीच्या जागी मी. "बाळासो, जरा लाजत चाल की लेका, नवरी हाईस!" सगळा हॉल हसायचा.

लग्नाला बारा दिवस राहिलं आणि डाव्या नडगीवरचा पट्टा उसवला. नवा मी केला.

पावणं, तुम्ही कोल्हापुरी पायताण घेतलंय कधी? घेतलं असंल तर ठावं असंल, ते नवं चावतंच. आम्ही करतानाच अर्धं बोट घट्ट करतो. दोन दिवस चावतं, मग तेल पाजायचं, घालून फिरायचं, की कातडं पायाचं होतं. आधीच सैल केलं तर महिन्याभरात फटक-फटक वाजायला लागतं, आणि गिऱ्हाईक शिव्या घालत येतं. आज्यानं बापाला शिकवलं, बापानं मला. जुनं पट्टं मी मॅडमच्या मापानं केल्यालं, पर ते सैल पडायचं, ज्ञानूचा पाय आत हलायचा. म्हणलं, लग्नाच्या दिवशी हलाय नको. नवा पट्टा अर्धं बोट घट्ट केला.

पायताण चावलं की माणूस काढून हातात घेतो. ज्ञानूला चावल्यालं कळणार कुठनं? एवढी साधी गोष्ट माझ्या डोसक्यात आली न्हाय. तीस वर्सं मी जित्या पायांचीच मापं घेतली हुती.

आता नियम असा हुता की गडी उतरवला की कातडी बघायची, बोट-बोट, आणि वहीत नोंद करायची. लाल दिसलं आणि अर्ध्या तासात गेलं न्हाय, तर पंधरा दिवस गडी बंद. हे मॅडम बघायच्या. नेमकी त्या आठवड्यात त्यांची सासू आजारी पडली. जाताना मला बजावून गेल्या, "बाळासो, पाय तुम्ही बघा. जरा जरी शंका आली तरी फोन करा."

तिसऱ्या दिवशी पट्टा काढला आणि नडगीच्या हाडावर रुपयाएवढा डाग. लाल. बोट दाबलं तरी लालच. मी घड्याळ लावून बसलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, डाग हाय तिथंच.

मी म्हणलं, "ज्ञानू, मॅडमला फोन लावतो."

त्यानं माझं मनगट धरलं. त्याच्या हातात लई ताकद. "बाळासो, फोन लावलास तर पंधरा दिवस बंद. लगीन नऊ दिवसांवर हाय."

"आरं पर नियम—"

"नियम ठावं हाय मला. मला दुखतंय का? न्हाय. मग तुला काय दुखतंय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "अकरा वर्सं मी खुर्चीत काढली मर्दा, ह्या एका दिवसापायी. नंतर पाय कापून टाका म्हणं. ह्या पायांचं मला काय कौतुक हाय?"

तुम्ही काय केलं असतं, सांगा. न्हाय, नका सांगू. मी जे केलं ते सांगतो. मी म्हणलं, "नवं पायताण चावतंच की. दोन दिवसात बसंल." आणि वहीत लिहिलं, "ठीक."

ते ज्ञानूच्या मायेपोटी लिहिलं, असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. थोडं तसं बी हुतंच. पर खरं सांगू? त्या कार्यालयात हजार माणूस बघणार हुतं, आणि विचारणार हुतं, पट्टं कुणाच्या हातचं. मला ते ऐकायचं हुतं. बाप पायताण करत मेला, कुणी त्याचं नाव विचारलं न्हाय. माझं विचारणार हुतं. म्हणून "ठीक."

पट्टा सैल केला, पर पायाचं मांस दबून दबून हाडापाशी आतनं सडायला लागलं हुतं, ते वरनं दिसत न्हाय. मॅडम परत आल्या तवा ज्ञानूनं मोजा घातला हुता. "बाळासोनं बघितलंय," म्हणाला. त्यांनी वही बघितली. माझ्यावर विश्वास हुता त्यांचा.

लगीन फाल्गुनात झालं. सरांनी टेंपोतनं गडी आणला. मागच्या खोलीत आम्ही ज्ञानूला बांधला, वरनं ढगळ लेंगा, डोक्याला फेटा. स्वप्नालीच्या पायात मी केलेलं पायताण, लाल गोंड्याचं. आल्या आल्या म्हणाली, "बाळूकाका, चावतंय की हे!" मी म्हणलं, "चावू दे, बसंल." तिनं काढून कोपऱ्यात ठेवलं आणि हसली.

भटजींनी पुकारलं, "मामांनी मुलीला घेऊन यावं." दार उघडलं. वाजंत्री थांबलं. त्या एवढ्या मोठ्या कार्यालयात नुसती मोटरची घुरघुर आणि कुबडीची टकटक. एक पाऊल. थांबला. दुसरं पाऊल. पोरीच्या खांद्यावर मामाचा हात, आणि पोरगी सरळ बघत चालल्याली, रडायचं न्हाय म्हणून ओठ चावून. आक्का खांबाला धरून उभी हुती, ती तिथंच खाली बसली. गारगोटीचं पावणं-रावळं खुर्च्यांवर चढून बघायला लागलं. सतरा पावलं. मी मोजली.

मग मंगलाष्टका. भटजींनी पाच म्हणल्या. संपलं म्हणून आम्ही अक्षता उचलल्या, तर नवऱ्याच्या आत्यानं पर्समधनं कागद काढला. स्वतः रचलेल्या! दोन म्हणल्या, तिसरी सुरू केली. सूर असा की म्हैस बरी. लोकं हसाय लागली. मला हसू येईना. माझं डोळं त्या डाव्या पायावर. एरवी एका जागी दहा मिनिटं उभा राहिला की आम्ही बसवायचो, आज पंचवीस झाली. ज्ञानूच्या तोंडावर मात्र असलं समाधान, असलं की... जाऊ दे. मी मरंपर्यंत इसरणार न्हाय. अक्षता पडल्या आणि त्यानं शिट्टी मारली. कुत्र्यांनी बाहेर भुकायला सुरुवात केली आणि सगळी माणसं रडता रडता हसली.

आणि व्हय, विचारलं लोकांनी. "पट्टं कुणी केल्यात?" सरांनी माझ्याकडं बोट केलं. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला.

खोलीत नेऊन गडी सोडला. मोजा ओला हुता. रक्त न्हाय नुसतं, घाण वास मारणारं पाणी. मी ज्ञानूकडं बघितलं. त्यानं लेंगा खाली ओढला. "पोरगी गाडीत बसंपर्यंत गप," एवढंच म्हणाला.

पाठवणीला ती आली आणि त्याच्या पाया पडली. मेंदीचा हात त्या मोज्यावर. उठली तवा हाताकडं बघितलं. "मामा, ओलं कसलं?"

"पाणी सांडलं गं. जा, गाडी थांबलीया."

पुढचं थोडक्यात सांगतो, जास्त सांगवत न्हाय. आत हाडापर्यंत गेलं हुतं. दवाखान्यात पाय कापला, तवर रक्तात विष उतरलं हुतं. एकेचाळीस दिवस लढला. शुद्धीवर असला की चेष्टा करायचा, "अर्धा गडी सरांना परत द्या." शेवटच्या दिवसांत माझा हात धरून म्हणाला, "पोरीला काय बी सांगू नगंस. मला ठावं हुतं म्हणून कळलं, तर तिला वाटंल तिच्या बोलण्यापायी मामा गेला. लेकरू हुती रं ती तवा." चैत्रात गेला. त्याला खांदा द्यायला सगळा वडाप स्टॉप आला हुता.

मी सरांना सगळं सांगितलं. डाग, वही, सगळं. पोरीच्या कानावर घालू नका म्हणून पाया पडलो. सरांनी वही उघडून ते पान बघितलं. मग म्हणाले, "चूक माझी बी हाय. एकट्या तुमच्यावर सोपवायला नको हुतं." आता प्रत्येक पट्ट्याखाली दाब मोजायची चकती असते, दाब वाढला की वाजती. जिभा फुटल्या पट्ट्यांना. ज्ञानूच्या वेळंला नव्हत्या.

बारावं झालं आणि चौथ्या दिवशी स्वप्नाली इथं आली. ह्याच स्टुलावर बसली, तुम्ही बसलाय तिथं. मेंदी नखांवर तेवढी उरल्याली.

"बाळूकाका, मी पाया पडले तवा हाताला ओलं लागलं. ते पाणी नव्हतं ना?"

"न्हाय."

"म्हणजे लग्नाआधीच झालं हुतं. मामाला ठावं हुतं? माझ्यासाठी लपवलं त्यानं?"

पावणं, ती माझ्या तोंडाकडं बघत हुती. व्हय म्हणलं असतं तर त्या पोरीनं जन्मभर गळ्यात बांधून घेतलं असतं, नवऱ्याच्या घरात प्रत्येक सणाला तेच आठवलं असतं. मी म्हणलं, "त्याला कसं ठावं असणार पोरी? त्याच्या पायाला कळत नव्हतं. डाग मी बघितला. मी घट्ट केल्याला पट्टा, मीच लपवलं. माझ्या हातचं काम लोकांनी बघावं म्हणून. त्याला मी काय बी सांगितलं न्हाय."

ती उठली. मला वाटलं मारती का काय. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही मारला माझ्या मामाला," आणि गेली.

मी तिला एवढंच खोटं सांगितलं, की ज्ञानूला ठावं नव्हतं. बाकी सगळं खरंच हुतं की. ती म्हणाली ते बी.

पुढल्या सोमवारी वडापवाल्यानं एक पिशवी आणून दिली. आत लाल गोंड्याचं पायताण. एक दिवस बी नीट घातल्यालं न्हाय, तिच्या बोटांचं ठसं सुद्धा उठलं नव्हतं त्यावर. तेच हाय ते, मघाशी तुम्ही हात लावत हुता. महिन्याच्या महिन्याला तेल पाजतो. कातडं पडून राहिलं की कडक होतं, मग ते चावतं. आता दोन्ही पायताणांचं अंगठं, म्हंजे बोट घालायची कडी, मी अर्धं बोट सैल केल्यात. आली कधी, तर घालता यावं तिला.